चातुर्मासात न दुखणारं पोट

नाशिकच्या गंगापूर रोडवरच्या एका पोटविकारतज्ज्ञांच्या दवाखान्यात मी आहारतज्ज्ञ म्हणून बसते. माझ्या टेबलापर्यंत पोचणारा पेशंट सहसा सगळीकडून फिरून आलेला असतो. सोनोग्राफी झालेली, दुर्बीण घालून झालेली, रक्त तर कितीदा दिलेलं, आणि सगळ्यांवर शेरा एकच, नॉर्मल. ज्याचं पोट खरंच दुखतं त्याला हा शेरा नको नको होतो. कारण घरच्यांचं पुढचं वाक्य ठरलेलं असतं, ‘रिपोर्ट तर चांगले आहेत, मग दुखतंय कसं?’

निफाड तालुक्यातल्या एक ताई अशाच आल्या. (ओळख पटू नये म्हणून बारीकसारीक गोष्टी बदलल्या आहेत.) डिसेंबर होता, निफाडचा पारा किती उतरला याच्या बातम्या रोज पेपरात येत होत्या. स्वेटरवर शाल, बरोबर मालक आणि सासूबाई, आणि कापडी पिशवीत फुगलेली फाइल. तक्रार अशी की बेंबीभोवती पिळवटल्यासारखी कळ येते, पोट टम्म होतं, बसवत नाही की उभं राहवत नाही. शौचाला जाऊन आलं की जरा उतार पडतो. सरांनी काळजीच्या गोष्टी आधीच पाहून घेतल्या होत्या. वजन घटलेलं नव्हतं, शौचातून रक्त नव्हतं, ताप नव्हता, झोपेतून जागं करणारं दुखणं नव्हतं, हिमोग्लोबिन ठीक होतं. गव्हातल्या ग्लुटेनमुळे आतड्याला इजा होते त्या सीलिअॅकची तपासणीही निगेटिव्ह होती. यातलं एक जरी असतं तरी सरांनी त्यांना माझ्याकडे पाठवलं नसतं, पुढच्या तपासण्या लावल्या असत्या. चिठ्ठीवर लिहिलं होतं, ‘आयबीएस वाटतो. आहार बघा.’ आयबीएस म्हणजे तपासणीत आतडं चांगलं दिसतं, पण पोट वरचेवर दुखतं आणि शौचाचं तंत्र बिघडतं, तो विकार.

“काय खाल्लं की दुखतं, ताई?”

“चहा.” उत्तर तयार होतं. दुपारचा चहा घेतला की तासाभरात कळ. चहा सोडला, तरी दुखलं. मग कोणी म्हणालं तिखट बंद करा, तर तिखट बंद. कित्येक महिने ताई लसणाची फोडणी दिलेली मऊ खिचडी खात होत्या आणि दुखतच होतं. शेवटी शहरातल्या एका लॅबमध्ये बऱ्यापैकी पैसे मोजून ‘कोणतं अन्न चालत नाही’ ते सांगणारी रक्ततपासणी केली. त्या कागदावर गहू, अंडं, शेंगदाणे असे कितीतरी पदार्थ लाल रंगात होते. या तपासणीबद्दल मला राग आहे आणि तो मी लपवत नाही. त्यात आयजीजी नावाच्या प्रतिपिंडांची पातळी मोजतात. ती वाढलेली दिसली तर तुम्ही तो पदार्थ खात आला आहात एवढंच कळतं. तो सोसत नाही असा अर्थ त्यातून निघत नाही, आणि अॅलर्जीतज्ज्ञांच्या संघटना ही तपासणी करू नका असंच सांगतात.

“पण मॅडम, त्याचा गुण आला होता,” मालक म्हणाले. “शेंगदाणे, गहू बंद केले आणि चार-पाच महिने एकदम बरं. आता परत सुरू.”

“ते काही शेंगदाण्यानं नाही,” सासूबाई पहिल्यांदाच बोलल्या. “चातुर्मासात तिला दर साली बरंच असतं. विठोबाची कृपा. सट झाली की परत आहेच.”

मालकांनी आईकडे ‘आता इथं नको’ अशा नजरेनं पाहिलं. मी मात्र फाइल पुढे ओढली आणि कागद तारखेप्रमाणे टेबलावर मांडायला लागले. जानेवारीत सोनोग्राफी. मार्चमध्ये रक्त. मेमध्ये इंजेक्शनची पावती. जूनअखेरीला ती महागडी तपासणी. त्यानंतर थेट डिसेंबर. आदल्या वर्षीचे कागद लावले तर तेच. कांदेनवमीला संध्याकाळी सलाईन लावल्याचं बिल, आणि आषाढी एकादशी ते चंपाषष्ठी, म्हणजे सासूबाईंची ‘सट’, या काळात एकही कागद नाही. रक्ततपासणीला जे श्रेय मिळालं होतं ते पंचांगाचं होतं.

“चातुर्मासात घरात काय काय बंद असतं?”

“कांदा, लसूण, वांगी,” सासूबाईंनी बोटांवर मोजलं. त्या माळकरी, त्यांच्या घरात हे कडक. चंपाषष्ठीला खंडोबाला भरीत, बाजरीचा रोडगा, पातीचा कांदा, लसूण यांचा नैवेद्य दाखवला की मगच सुटतं. यंदाच्या सटीला ताईंनी दुपारी भरपूर कांदा घातलेलं भरीत पोटभर खाल्लं आणि चारच्या सुमाराला आडव्या झाल्या. मधे चहा झालाच होता, म्हणून आळ पुन्हा चहावर.

वेळेचा हा घोळ मी फार जणांत बघते. पोट दुखलं की माणूस शेवटचा घास आठवतो, आणि दोषी असतो त्याच्या आधीच्या जेवणातला. कांदा-लसणात फ्रुक्टन नावाची साखरेच्या साखळीसारखी कर्बोदकं असतात. ती तोडणारं पाचकद्रव्य माणसाच्या लहान आतड्यात नसतंच, तुमच्या-माझ्याही नाही. ती तशीच मोठ्या आतड्यात उतरतात, तिथले जिवाणू ती आंबवतात, वायू होतो. तिथं पोचायलाच काही तास लागतात. वायू सगळ्यांनाच होतो, पण ज्यांचं आतडं हळवं असतं त्यांना त्या ताणाची कळ येते. आतड्याला जखम नाही, सूज नाही, म्हणून दुर्बिणीत काही दिसत नाही. ही अॅलर्जीही नव्हे. मेलबर्नच्या मोनाश विद्यापीठातल्या संशोधकांनी 2005 मध्ये अशा आंबणाऱ्या कर्बोदकांच्या गटाला ‘फॉडमॅप’ हे नाव दिलं. त्यावरून निघालेली आहारपद्धती आता आयबीएससाठी जगभर वापरतात. पण परदेशी यादी छापून हातात दिली की आपला पेशंट दोन दिवसांत ती फेकून देतो. आपल्या मिसळीचंच बघा. कट वाटणातल्या कांदा-लसणाचा, आत मटकी, वर कच्चा कांदा, सोबत मैद्याचा पाव आणि वाटीभर दही. फॉडमॅपचे निरनिराळे गट एका ताटात, आणि नाव मात्र तिखटाचं खराब.

चातुर्मासाचा आणखी एक फायदा होता. त्या काळात काय खाऊनही दुखलं नाही, ते कळत होतं. मागच्या वर्षीपर्यंत ताईंनी त्या चार महिन्यांत गव्हाच्या पोळ्या, दूध, दही, शेंगदाण्याची आमटी, भगर, साबुदाणा सगळं खाल्लं होतं. म्हणजे गहू, दूध, शेंगदाणे निर्दोष. लॅबच्या कागदावरचे बहुतेक पदार्थ मी तिथंच पेनानं खोडून टाकले. ताणानं दुखतं म्हणावं, तर लाल कांद्याची रोपं लावायची धांदलही पावसाळ्यातलीच. राहिले तीन संशयित, कांदा, लसूण आणि वांगं, आणि तिघंही एकदमच बंद होतात, एकदमच सुरू होतात.

त्यांना वेगळं करणं घरीच जमण्यासारखं होतं. तिन्ही काही आठवडे बंद, दुखणं थांबलं की एकेक परत, थोड्यापासून वाढवत, मधे काही दिवस मोकळे. हे समजावताना माझा स्वर जरा खाली गेला, कारण समोर कांद्याचा शेतकरी बसला होता. बाहेर त्यांच्या पिकअपमध्ये लासलगावला लाल कांदा खाली करून आलेल्या रिकाम्या गोण्या होत्या.

मालक थोडा वेळ गप्प बसले, मग हसले. “मॅडम, कांद्यानं पोट दुखणं आम्हाला नवं नाही. भाव पडला की सगळ्या घराचं दुखतं.”

वांग्याची सुटका पहिली झाली. कांद्याशिवायचं भरीत ताईंनी दोनदा खाल्लं, काही नाही. लसणानं थोडं फुगलं. कांद्याला मात्र ठरल्या वेळी, जेवणानंतर तीन-चार तासांनी, तीच कळ. दोन चमचे शिजलेला कांदा पोह्यात चालतो, बुक्की मारून फोडलेला अख्खा कच्चा कांदा भाकरीबरोबर चालत नाही, हेही त्यातूनच कळलं. कायमचं बंद काहीच नाही, प्रश्न मापाचा आहे, हे ऐकून ताईंचा चेहरा जितका सैलावला तितका कुठल्याच रिपोर्टनं सैलावला नसेल.

मधे एकदा मात्र सगळं पाळूनही दुखलं. फोनवर दिवसाचा पाढा वाचून घेतला, त्यात कांदा कुठेच नव्हता. मग विचारलं, मसाला कोणता? वर्षाचा काळा मसाला, त्यात वाळवून तळलेला कांदा पसाभर. वाळवला की पाणी जातं, फ्रुक्टन तिथंच राहतं. चिवड्यातला तळलेला कांदा, पाकिटातल्या मसाल्यातली लसूणपूड, ही चोरवाट बहुतेकांना दिसत नाही.

स्वयंपाक कसा करायचा हे शिकवायला मी बसले होते, पण शिकवलं सासूबाईंनीच. चातुर्मासासाठी त्या कांदा-लसणाविना वेगळा मसाला करतातच. वाटणात सुकं खोबरं, तीळ, खसखस, फोडणीत हिंग. मी एकच भर घातली. फ्रुक्टन पाण्यात उतरतं, तेलात उतरत नाही. तेव्हा लसणाच्या पाकळ्या तेलात परतून काढून टाकल्या तर वास राहतो आणि त्रास होत नाही. आमटीत उकळून काढल्या तर उपयोग नाही. सासूबाईंनी हे दोनदा विचारून घेतलं, आणि मग सुनेकडे बघून म्हणाल्या, “म्हणजे पाकळ्या मोजून घालायच्या नि मोजून काढायच्या.”

दवाखान्याच्या नोंदणी फॉर्मवर आता मी एक ओळ वाढवली आहे. वर्षातले कोणते दिवस तुमच्या घरी काय खात नाहीत? चातुर्मास, पर्युषण, रमजान, नवरात्र, जे असेल ते लिहा. दर वेळी त्यातून काही निघतं असं नाही. नवरात्रात जास्त दुखतं म्हणणाऱ्या एका काकांच्या पित्ताशयात खडे निघाले. नऊ दिवस तळलेले उपासाचे वडे खाणं त्यांना भोवलं होतं, आणि ते प्रकरण माझ्याकडून थेट सर्जनकडे गेलं.

ताईंचा मधे फोन आला होता. सट जवळ आलेली, घरात नैवेद्यावरून चर्चा. देवाला पातीचा कांदा दाखवायचा तर प्रसाद नाही कसा म्हणायचं? मी सांगितलं, पातीचा हिरवा भाग बिनधास्त खा, फ्रुक्टन असतं ते खालच्या पांढऱ्या गड्ड्यात. मागून सासूबाईंचा आवाज आला, त्यांचं वाटप झालं होतं. हिरवी पात सुनेला, पांढरा कांदा लेकाला.