घराचा पत्ता आणि हजेरीपट : माझा अनुभव

माझ्या सातवीच्या वर्गातील एका मुलीची आणि तिच्या धाकट्या भावाची शाळा सुटू नये, म्हणून त्यांच्या कुटुंबाला स्थिर घर मिळवून देण्याच्या खटपटीत मी गेल्या वर्षी गुंतले होते. ही खटपट कुठे अडली आणि कशामुळे सुटली, हे सविस्तर लिहून ठेवावेसे वाटते. शाळेत गैरहजेरीबद्दल जेवढी चर्चा होते, त्याच्या शतांशानेही मुलांच्या राहत्या जागेबद्दल होत नाही.

विद्यार्थ्यांच्या माहितीच्या नोंदवहीत पत्त्याचा एक रकाना असतो. वर्गातील बाकी सगळ्यांचे पत्ते शाईने लिहिलेले होते, या मुलीचा मात्र आधीच्या शिक्षिकेने पेन्सिलीने लिहिला होता आणि वारंवार खोडल्यामुळे तेवढ्या जागी कागद विरून मागच्या पानावरची अक्षरे दिसू लागली होती. तिची हजेरीही तशीच तुटक होती. काही आठवडे ती अगदी नियमित येई, मग सलग काही दिवस गायब होई आणि परतल्यावर पहिल्या तासालाच तिच्या डोळ्यांवर झापड येई. हजेरीपटात कारण ‘आजारी’ असे पडत होते. आईशी निवांत बोलल्यावर कळले की भाड्याची खोली सुटल्यानंतर हे कुटुंब आधी नातेवाइकांकडे, मग एका ओळखीच्या घरातील अर्ध्या खोलीत आणि त्यानंतर निव्वळ तोंडी बोलीवर मिळालेल्या जागेत राहिले होते. दर वेळी सामान हलवण्याच्या दिवसांत आईला कामावर खाडा करणे परवडत नसे आणि थोरली म्हणून भावाला सांभाळायला हीच घरी थांबे.

घर बदलल्याने अभ्यासाचे नेमके काय नुकसान होते, हे तिच्या गणिताच्या वहीत मला स्पष्ट दिसले. आमच्याकडे येण्यापूर्वी तिची शाळा वर्षाच्या मध्यावर बदलली होती. पहिल्या शाळेत अपूर्णांकांची बेरीज-वजाबाकी शिकवायची राहिली होती आणि दुसऱ्या शाळेत तो धडा आधीच होऊन गेला होता. उलट क्षेत्रफळाचा धडा तिला दोन्हीकडे शिकवला गेला. त्यामुळे क्षेत्रफळाची उदाहरणे ती झरझर सोडवत असे आणि छेद वेगळे असलेले दोन अपूर्णांक समोर आले की वरचे आकडे वरच्यांत आणि खालचे खालच्यांत मिळवून मोकळी होत असे. ‘गणितात कच्ची’ हा प्रगतिपुस्तकातला शेरा तिच्यावर अन्याय करणारा होता, कारण तो धडा तिच्या वाट्याला कधी आलाच नव्हता.

सर्वांत आधी शाळेचाच प्रश्न उभा राहिला. नव्या जागेचा रहिवासी पुरावा मुदतीत आला नाही तर नाव कमी करावे लागेल, असे कार्यालयातून सांगण्यात आले होते. नियम म्हणून त्यात गैर काही नव्हते, पण भाडेकरारच नसलेल्या कुटुंबाने पुरावा आणायचा तरी कुठून? मुख्याध्यापकांपुढे बाजू मांडण्यापूर्वी मी इतरत्र काय केले जाते ते वाचून काढले. अमेरिकेत १९८७ च्या मॅकिनी-व्हेंटो कायद्याने बेघर कुटुंबांतील मुलांच्या शिक्षणाची सोय केलेली आहे. ‘स्थिर, नियमित आणि पुरेसा’ रात्रीचा निवारा ज्यांना नाही, ती सर्व मुले या कायद्याच्या कक्षेत येतात. आर्थिक अडचणीमुळे दुसऱ्याच्या घरात दाटीवाटीने राहणारी मुलेही त्यांत धरली जातात. अशा मुलाला त्याच्या हिताचे असल्यास पूर्वीच्याच शाळेत राहता येते, जाण्या-येण्याची व्यवस्था मिळते आणि कागदपत्रे अपुरी असली तरी प्रवेश तत्काळ द्यावा लागतो. वर्षाच्या मध्यावर कायमचे घर मिळाले तरी ते शैक्षणिक वर्ष संपेपर्यंत जुन्या शाळेत राहण्याची मुभा असते. हा कायदा आम्हाला लागू नव्हता, परंतु घर हलले तरी शाळा हलू द्यायची नाही, हे त्यामागचे तत्त्व आम्हाला पाळता येण्यासारखे होते. मुख्याध्यापकांनी शांतपणे ऐकून घेतले आणि वर्ष संपेपर्यंत नाव कमी करणार नाही, असे लेखी दिले. पुढच्या सगळ्या धावपळीत या कागदाचा मला फार आधार वाटला.

त्यानंतर घर मिळवण्याची प्रक्रिया सुरू झाली आणि एकेका दाराशी एकेक कागद आडवा येऊ लागला. घरवाटपाच्या कार्यालयाला परिसरातील सलग वास्तव्याचा पुरावा हवा होता. घरमालकांना नोकरीचे पत्र आणि हमीदार हवा होता, तर नोकरीच्या ठिकाणी पत्र देण्यापूर्वी कायमचा पत्ता मागितला जात होता. मानवी हक्कांच्या १९४८ च्या जाहीरनाम्यात पंचविसाव्या कलमात निवाऱ्याचा उल्लेख आहे आणि सव्विसाव्यात शिक्षणाचा. १९८९ च्या बालहक्क संहितेतही गरजू पालकांना निवाऱ्यासाठी साहाय्य करण्याची जबाबदारी सत्ताविसाव्या कलमात येते आणि नियमित हजेरीला उत्तेजन देऊन गळती कमी करण्याची अठ्ठाविसाव्यात. दोन्ही ठिकाणी लागोपाठ आलेल्या या गोष्टी प्रत्यक्षात दोन वेगळ्या खिडक्यांवर असतात आणि एका खिडकीवरचा कागद दुसरीकडे चालत नाही, याचा मला मनापासून संताप येत असे.

ही कोंडी अखेर हजेरीपटानेच फोडली. मुलगी खंडित का होईना, पण आमच्याच शाळेत येत राहिली होती. म्हणजे कुटुंब कितीही वेळा हलले तरी याच परिसरात होते. दोन्ही मुलांच्या प्रवेशाच्या तारखा, दर महिन्याची हजेरी आणि पालकसभेतील आईच्या सह्या यांचा तपशील घालून शाळेने वास्तव्याचा दाखला तयार केला. शिक्का मारताना कार्यालयातील लेखनिकाने प्रत्येक महिन्याचा आकडा मूळ पटाशी ताडून पाहिला, आणि त्याच्या या काटेकोरपणामुळेच तो दाखला पुढे कुणाला नाकारता आला नाही. घरवाटपाच्या अर्जाला तो जोडला गेला. नोकरीचे पत्रही त्यावरच मिळाले. पत्त्याचा पुरावा मागणाऱ्या शाळेलाच तो पुरावा देता येतो, हे माझ्यासारख्या प्रत्येक वर्गशिक्षकाला माहीत असायला हवे.

वाटपाची यादी लांबलचक असल्यामुळे तोपर्यंत भाड्याचे घर पाहणे भाग होते. हजेरी सुधारून दाखवली तर मदतीचा विचार करू, असे म्हणणारे काही सहकारी होते. मुलांचे वाईट व्हावे असे त्यांच्या मनात मुळीच नव्हते, परंतु हा क्रम उलटा आहे असे माझे ठाम मत आहे. फिनलंडने २००८ पासून बेघरपणावर राष्ट्रीय कार्यक्रम राबवताना ‘आधी घर’ हे सूत्र धरले. माणसाने आधी स्वतःला लायक ठरवावे आणि मग घर मिळावे, ही जुनी पद्धत सोडून आधी त्याच्या नावाचा भाडेकरार आणि मग लागेल ती मदत, अशी रीत त्यांनी घातली. तो कार्यक्रम प्रामुख्याने दीर्घकाळ बेघर असलेल्या प्रौढांसाठी होता, पण रात्री कुठे झोपायचे याची खात्री नसलेल्या मुलीकडून आधी हजेरीची अपेक्षा करणे मला त्याहूनही कठोर वाटते. एका स्वयंसेवी संस्थेने अनामत रक्कम बिनव्याजी दिली आणि हमीदार म्हणून शाळेतील एक निवृत्त सहकारी पुढे आले.

दोन घरे आवाक्यात होती. एक प्रशस्त होते, पण शाळेपासून बरेच लांब, आणि तिथे गेल्यावर शाळा बदलणे अटळ होते. दुसरे जेमतेम दीड खोलीचे, परंतु मुलांना चालत येता येईल इतके जवळ. या निवडीवर मी पुष्कळ विचार केला. अमेरिकेतील पाच शहरांत १९९४ पासून एक मोठा प्रयोग झाला होता. त्यात गरीब वस्त्यांतील कुटुंबांना तुलनेने बऱ्या वस्तीत घर घेण्यासाठी सोडतीने मदत देण्यात आली. राज चेट्टी, नॅथनियल हेंड्रेन आणि लॉरेन्स कॅट्झ यांनी २०१६ मध्ये प्रसिद्ध केलेल्या अभ्यासात असे आढळले की तेराव्या वर्षाच्या आत स्थलांतर झालेली मुले पुढे महाविद्यालयात अधिक प्रमाणात गेली आणि त्यांची कमाईही वाढली. त्याहून मोठ्या वयात हललेल्या मुलांना मात्र तसा लाभ झाला नाही, उलट थोडा तोटाच झाल्याचे दिसले. चांगल्या वस्तीचे महत्त्व त्यातून कळतेच, पण हलण्याची स्वतःची एक किंमत असते आणि ती मोठ्या मुलांना जास्त मोजावी लागते, हेही कळते. आमची मुलगी त्या उंबरठ्यावरच होती. मी हे सगळे आईला समजावून सांगू लागले तेव्हा तिने मला मध्येच थांबवले आणि म्हणाली, “बाई, घर लहान असलं तरी चालेल. वर्षाच्या मधे उठवणार नाही, एवढं तेवढं लिहून घ्या.”

मग तेच लिहून घेण्यावर आम्ही सारा भर दिला. करार शाळेच्या वर्षाशी जुळवून घेतला, जेणेकरून तो परीक्षेच्या तोंडावर संपणार नाही. कुटुंबातील चौघांचीही नावे त्यात घातली, कारण केवळ आईचे नाव असते तर मुलांच्या कागदपत्रांना तो उपयोगी पडला नसता. घर रिकामे करण्याची पूर्वसूचना पुरेशा मुदतीची असावी आणि ती वार्षिक परीक्षेच्या काळात देऊ नये, या अटीला घरमालक आधी तयार नव्हते. भाडे वेळेवर मिळेल याबद्दल हमीदारांनी खात्री दिली आणि कारण समजावून सांगितले, तेव्हा तेही मानले.

घर मिळाल्याबरोबर सगळे सुरळीत झाले असे नाही. पहिले काही आठवडे मुलगी वर्गात पूर्वीपेक्षा अधिक गप्प होती. हजेरी मात्र हळूहळू सलग होत गेली, कारण सामान हलवण्याचे दिवसच उरले नाहीत. अपूर्णांकांसाठी मी शाळा सुटल्यावर तिला थोडा वेळ थांबवू लागले. पूर्वी हे शक्यच नव्हते, संध्याकाळी कुठे पोहोचायचे हेच तिला कधी कधी दुपारी कळत असे. ग्रंथालयाचे तिचे कार्ड इतकी वर्षे कोरे होते, कारण पुस्तक सामानात हरवले तर भरून द्यावे लागेल या भीतीने ती ते घरी नेतच नसे. त्यावर आता नोंदी दिसू लागल्या. भावाला अधिक वेळ लागला. तो सगळ्या विषयांची पुस्तके, रंगपेटी आणि जुन्या वह्यासुद्धा रोज दप्तरात घालून आणत असे. वेळापत्रकाप्रमाणे दप्तर भरायला तो दुसऱ्या सत्रात शिकला.

या वर्षापासून विद्यार्थ्यांच्या माहितीपत्रकात मी आणखी एक प्रश्न घातला आहे. कुटुंब भाड्याने राहत असेल तर करार केव्हा संपतो, तो महिना मी ऐच्छिक म्हणून विचारते आणि त्याच्या तीन महिने आधी पालकांशी बोलणे सुरू करते. ही माहिती वर्गात कुणाच्या कानी पडू नये म्हणून ती पत्रके वेगळ्या लिफाफ्यात ठेवलेली असतात. मुलीच्या घराच्या भाडेकराराच्या नूतनीकरणाची बोलणी याच पद्धतीने वेळेत सुरू झाली. घरमालक आणखी दोन वर्षांसाठी तयार आहेत, भाडेवाढीचा आकडा तेवढा ठरायचा आहे. घरवाटपाच्या यादीतील अर्ज अजून प्रलंबित आहे आणि त्याला जोडायचा या वर्षीचा हजेरीचा दाखला लेखनिकाने नुकताच तयार करून दिला आहे.