पन्नास यार्डांवरून

१२ एप्रिल २०२५, शनिवार. लाँग बीच, कॅलिफोर्निया

आज पाच तास वाळूत उभी होते. काम एकच, माणसांना आजारी सी लायनपासून (सीलसारखा समुद्री प्राणी) पन्नास यार्ड लांब ठेवायचं.

मादी होती, पोटुशी. मान ताणून आभाळाकडे बघायची, मग डोकं डावीकडे-उजवीकडे हलवत राहायची, थांबायचीच नाही. मधेच अंग ताठ व्हायचं, तोंडाला फेस यायचा, पुढचे पर थडथड वाळूवर आपटायचे. फीट ओसरली की डोळे टक्क उघडे. पापणीला वाळू चिकटलेली, तरी मिटत नव्हती.

दक्षिण कॅलिफोर्नियात या विषबाधेचं हे सलग चौथं वर्ष. तळाचं थंड पाणी वर आलं की स्यूडो-निट्झशिया नावाचं सूक्ष्म शेवाळ माजतं, त्यातून डोमोइक ॲसिड तयार होतं. तारली आणि अँचोव्ही (आपल्या मांदेलीच्याच कुळातली) ते शेवाळ खातात. माशांना फारसं काही होत नाही. ते खाणारे पेलिकन, डॉल्फिन आणि सी लायन पडतात. सी लायनच्या माद्या जूनमध्ये इथल्या किनाऱ्यासमोरच्या चॅनल बेटांवर वितात. त्याआधी दोन जिवांचं खायचं म्हणून भरपूर मासे खातात, आणि विष नेमकं त्याच घासात असतं.

अकराच्या सुमाराला एक आजोबा नातवाची बादली भरून घेऊन आले. "बिचारी तापलीय, जरा पाणी घालू दे." मला त्यांचा राग आला नाही. शाळेत आमच्या वर्गातल्या एका मुलाला फीट यायची. कुणी चप्पल हुंगवायला धावायचं, कुणी कांदा फोडायचं, दहाजण त्याच्या अंगावर वाकलेले. सगळ्यांचाच जीव तुटायचा आणि त्या पोराला हवी असायची नुसती मोकळी जागा. आजोबांना म्हटलं, ती कोरड्यात आलीय ते बरंच झालं, पाण्यात फीट आली तर बुडेल. त्यांनी बादली तिथेच वाळूत ओतली आणि तासभर माझ्याबरोबर उभे राहिले, येणाऱ्याजाणाऱ्याला समजावत.

२०२३ च्या जूनमध्ये, ट्रेनिंगच्या आधी, मीच एकीवर ओला टॉवेल टाकायला गेले होते. माझी चाहूल लागली आणि तिला पुन्हा फीट आली. ते अजून डोळ्यांपुढून जात नाही. आजही हात शिवशिवत होते. खिशात घालून ठेवले.

दुपारी तिला उपचारांना न्यायला गाडी आली. चौघांनी फळ्या आडव्या धरून तिला पिंजऱ्यात घेतलं. आता कातडीखाली सलाइन आणि फीट थांबवायचं औषध, माणसांना देतात तसलंच. विषावर उतारा नाही. रक्तातलं लघवीवाटे लवकर निघून जातं, पण मेंदूतला स्मरणाचा भाग एकदा जळला की समुद्रात वाट सापडणं कठीण. गर्भजलात मात्र ते साचून राहतं, म्हणून कधीकधी कळा आणून पिल्लू बाहेर काढावं लागतं. ती पिल्लं बहुतेक वाचत नाहीत. आईसाठी ते करावं लागतं, हे मला पटतं. तरी आज गाडीचं दार लागताना मी तिच्या पोटाकडेच बघत होते.

रात्री साडेनऊला मेसेज आला: संध्याकाळपासून फीट नाही. हेरिंग मासा पुढे केला, हुंगला, खाल्ला नाही.

उद्या सकाळी सातला जायचंय.