फौंड्रीवाल्या भावाबरोबर कोल्हापूरचे पुतळे

कोल्हापुरात कुणालाही पत्ता विचारा, गाडी पुतळ्यावरच येते. आईच्या पुतळ्यापासून आत या, शिवाजी पुतळ्यापाशी थांबा, ताराराणीच्या पुतळ्याला उतरा. पुतळ्याकडं मान वर करून बघणारा मात्र क्वचितच सापडतो. यावेळी मामाकडं गेले तेव्हा ठरवलंच होतं, एक अख्खी सकाळ फक्त पुतळे बघायचे. सोबतीला मामेभाऊ. दादा उद्यमनगरात एका फौंड्रीत, म्हणजे धातू ओतायच्या कारखान्यात, पॅटर्न करतो; पॅटर्न म्हणजे ज्यावरून साचा काढतात तो नमुना. त्याला कुठलीही धातूची वस्तू दाखवा, पहिला प्रश्न ठरलेला: "साचा कसा सोडवला असंल?"

सुरुवात 'खरी कॉर्नर' नावाच्या चौकातल्या कॅमेरा मानस्तंभापासून केली. गांधी मैदानाकडं जाताना लागतो. इथं चौथऱ्यावर माणूस नाही, कॅमेरा आहे. मूकपटांच्या काळातले चित्रपटकार बाबूराव पेंटर आणि त्यांचे भाऊ आनंदराव यांनी स्वतःचा सिनेकॅमेरा करायचं डोक्यात घेतलं. आनंदराव 1916 साली गेले. पुढं दामले वगैरे मंडळींना हाताशी धरून बाबूरावांनी तो 1918 मध्ये पुरा केला आणि महाराष्ट्र फिल्म कंपनी उभी राहिली. बाबूरावांचं मूळ आडनाव मेस्त्री. लाकूडकाम, मूर्तिकाम, चित्रकला घरातच होती. दादा म्हणाला, "मग बरोबर हाय. लेथवरचा माणूस असल्याबिगर असलं काम निघत नाही." एखाद्या शहरानं यंत्राचं स्मारक करावं हे मला फार आवडलं. आख्ख्या वाटेवर कल्पनेनं सगळ्यात आधुनिक शिल्प कुठलं म्हणाल तर माझं मत यालाच. दुर्दैवानं भोवती एवढ्या गाड्या लावलेल्या असतात की चहूबाजूंनी बघायचं तर हँडलं चुकवत फिरावं लागतं.

तिथून बिनखांबी गणेश, महाद्वार रोड, पापाची तिकटी. हा रस्ता सकाळी सातच्या आत चालावा, नंतर चालणं होत नाही, ढकलाढकली होते. महाद्वारासमोर पाऊल आपोआप अडखळतंच, पण आज अंबाबाईला बाहेरूनच हात जोडले.

शिवाजी चौकातला महाराजांचा अर्धपुतळा बाबूरावांच्याच हातचा. या जागी आधी मुंबईचा गव्हर्नर लेस्ली विल्सन उभा होता. बेचाळीसच्या चळवळीच्या काळात लोकांनी तो पुतळा आधी विद्रूप केला, मग फोडला. 1945 साली चित्रपट दिग्दर्शक भालजी पेंढारकरांच्या पुढाकारानं तिथं महाराज आले. देश अजून पारतंत्र्यात होता, हे लक्षात घेऊन या पुतळ्यापुढं उभं राहावं. अश्वारूढ पुतळ्यात घोडाच अर्धी नजर खातो. इथं घोडा नाही, सगळं काम चेहऱ्यावर आहे. दादानं हारांच्या मागं वाकून बघितलं. सिग्नलचा पोलीस आमच्याकडं बघायला लागला तेव्हा आम्ही सरकलो.

बिंदू चौक तिथून चार पावलांवर. महात्मा फुले आणि डॉ. बाबासाहेब आंबेडकर यांचे अर्धपुतळे इथं 1950 च्या डिसेंबरमध्ये बसले, भाई माधवराव बागलांच्या पुढाकारानं. बाबासाहेब तेव्हा हयात होते! बागल स्वतः चित्रकार, त्यामुळं पुतळा म्हणजे काय हे त्यांना कुणी समजावून सांगायची गरज नव्हती. मला इथं आवडते ती उंची. दोघंही फार वर ठेवलेले नाहीत. खाली बाकावर बसलेला माणूस आणि ते जवळपास एकाच गप्पांत असल्यासारखे वाटतात. सभेचे फलक मात्र कायमचेच. त्या दिवशी एका वाढदिवसाच्या फ्लेक्सनं फुल्यांचा एक खांदा झाकला होता. फ्लेक्सवरचा तरुण कोण, ते सांगणार नाही, तो तसाही पुढच्या आठवड्यात बदललेला असेल.

दसरा चौकात शाहू महाराज. हा पुतळा एकट्यानं बघण्यात अर्थ नाही, आजूबाजूच्या इमारतींसकट बघावा. 1901 पासून महाराजांनी एकेका समाजाच्या मुलांसाठी वसतिगृहं काढली. 1906 सालचं मुस्लिम बोर्डिंग इथंच चौकात आहे. दसऱ्याला सोनं लुटायला सगळं गाव याच मैदानात येतं.

टाउन हॉलकडं वळलो ते सावलीसाठी. 1872 ते 76 मधली ही इमारत इंग्रज वास्तुविशारद चार्ल्स मँटनं आखलेली, आता वस्तुसंग्रहालय आहे. बाहेरच्या पुतळ्यांच्या वाटेत हे खरं तर मोडत नाही, पण आत कोल्हापुरातल्याच ब्रह्मपुरीच्या उत्खननात निघालेला ग्रीक समुद्रदेव पोसायडनचा छोटासा ब्राँझ आहे, तो दादाला दाखवायचाच होता. तो काचेला नाक लावून बराच वेळ बघत राहिला. मग म्हणाला, "ह्यो मेणावर वतलाय." मेणाचा नमुना करून त्यावर मातीचा साचा चढवायचा, तापवून मेण काढून टाकायचं आणि त्या पोकळीत धातू ओतायचा, अशी ती रीत. एवढा अंदाज बांधून तो खूश, मी त्याहून खूश.

कावळा नाक्याला मात्र रिक्षा केली. "ताराराणीचा पुतळा बघायचाय" म्हटल्यावर रिक्षावाले मामा म्हणाले, "बघायला? रोज तिथंच तर असतोय की!" रवींद्र मेस्त्रींनी घडवलेली ही ताराराणी वाटेतली सगळ्यात अवघड शिल्पाकृती आहे. राजाराम महाराजांच्या निधनानंतर, 1700 पासून औरंगजेबाशी झुंज चालू ठेवणारी ही राणी, तिला संथ चालणारा घोडा शोभलाच नसता. पुढचे पाय हवेत, घोडा उसळलेला. बघणाऱ्याला वेग दिसतो, दादाला वजन दिसलं. घोडा आणि स्वार मिळून सगळा भार मागच्या बाजूला येतो, तेव्हा एवढं धूड उलटू नये म्हणून आतला सांगाडा आणि चौथऱ्यातलं बांधकाम आधी जुळवावं लागतं. असे मोठे पुतळे एका ओतात निघत नाहीत, तुकडे ओतून जोडतात. घोड्याच्या पोटाखालून जोड दिसतोय का, म्हणून दादानं रस्ता ओलांडून तीन बाजूंनी बघितलं. "न्हाई दिसत. फेटलिंग झक्कास केलंय," त्याचा निकाल. फेटलिंग म्हणजे ओतकामानंतरची घासून-तासून केलेली सफाई.

तुम्ही जाल तेव्हा इथं समोरून फोटो काढून परतू नका. मागच्या बाजूनं शेपटी आणि मागचे पाय बघा, सगळं कसब तिथं आहे. रहदारी सांभाळा, हा पुण्याकडं जाणाऱ्या गाड्यांचा रस्ता आहे. राजारामपुरीतला आईचा पुतळा उन्हामुळं राहिला. शिवाय दादाला अकराची पाळी गाठायची होती, आणि मला कटवड्याची, म्हणजे तिखट रश्श्यातल्या वड्याची, आठवण झाली होती.