तुम्ही विचारलंत म्हणून: येऊन नुसतं बंदच का करता?

"डॉक्टर, तुम्ही येता आणि काही ना काही बंदच करून जाता की ओ!" सोलापुरात आयसीयूच्या दाराशी नातेवाईक हे नेहमी ऐकवतात. लग्नाच्या पंगतीत तोच प्रश्न जरा सौम्य होऊन येतो: संसर्गरोगाचा डॉक्टर नेमकं करतो काय?

बंदच करतो, खरं आहे. राउंडला पहिला प्रश्न माझा असतो, लघवीची नळी अजून कशाला? घातली तेव्हा गरज होती, आता पेशंट चालत बाथरूमला जातोय. नळी आत राहिली की लघवीत जंतू शिरण्याची शक्यता दर दिवशी साधारण 3 ते 7 टक्के असते. पण रात्री अख्ख्या वॉर्डाला दोनच सिस्टर. प्रत्येकाला उठवून कोण नेणार? अडचण खोटी नाही. म्हणून 'काढा' लिहिण्याआधी मी मावशींची ड्युटी आणि भांड्याची सोय विचारून घेतो.

अँटिबायोटिकचं दुखणं याहून मोठं. ऑपरेशनसाठीचा डोस चीर देण्याआधीच्या तासाभरात जायला हवा. एरवी टाके घातल्यावर तो पाच-पाच दिवस चालू ठेवल्याने जखम जास्त सुरक्षित होत नाही, औषधाला न जुमानणारे जंतू तेवढे पोसले जातात. मग एखाद्या पेशंटच्या कल्चरमध्ये, म्हणजे नमुन्यातले जंतू वाढवून पाहणाऱ्या तपासणीत, क्लेबसिएला नावाचा जंतू निघतो, रिपोर्टवर ओळीने 'रेझिस्टंट', आणि हाताशी उरतं कोलिस्टिन, किडनीला त्रास देणारं अँटिबायोटिक. तरी आग्रह असतोच, "जरा भारीतलं लिहा." भारीतलं लिहिलं की सगळे खूश होतात, हीच तर पंचाईत.

हात धुण्याबद्दल फार बोलत नाही. 1847 मध्ये व्हिएन्नात सेमेलवाइस नावाच्या डॉक्टरने इतर डॉक्टरांना क्लोरिनच्या पाण्याने हात धुवायला लावले, बाळंतिणींचे मृत्यू घटले, तरी अनेक सहकारी त्याच्यावरच चिडले. आमच्याकडे मोठे डॉक्टर चिडत नाहीत, हसून पुढे जातात. नळाला रोज पाणी न येणाऱ्या आपल्या गावात अल्कोहोलचा हँडरब मोठा आधार आहे. 20 ते 30 सेकंद चोळला की काम होतं. हाताला रक्त-घाण लागली असेल, किंवा पेशंटला क्लॉस्ट्रिडियम डिफिसिल या जंतूमुळे होणारे जुलाब असतील, तर मात्र साबण-पाणीच लागतं, त्या जंतूचे बीजाणू, म्हणजे त्याचं टणक कवचातलं रूप, अल्कोहोलने मरत नाहीत.

तुमचं कुणी ॲडमिट असेल तर सकाळी राउंडला आलेल्या डॉक्टरांना एवढंच विचारा: आज यातली कुठली नळी निघेल?