आमची वाटचाल : कॅमेरा भाड्याचा, दिवे घरचे

कोल्हापुरात शूटिंगला येणारा निर्माता फोनवर पहिलं विचारतो ते, "कॅमेरा कुठला आहे?" आमचं उत्तर ठरलेलं. हवा तो कॅमेरा मुंबईहून मागवून देऊ. आमच्याकडे आहेत दिवे, कॅमेरा सरकवायची ट्रॉली, तिचे रूळ आणि ते हाताळणारी माणसं. काही जण तिथंच फोन ठेवतात. जे ठेवत नाहीत त्यांच्यावर आमची फर्म चालते.

मी मूळचा कॅमेरा विभागातला. मुंबईत सामान भाड्यानं देणाऱ्या एका ठिकाणी अटेंडंट म्हणून लागलो, तेव्हा फिल्म होती. ३५ मिमीचा चारशे फुटांचा रोल साडेचार मिनिटांच्या आत संपायचा, की काळ्या पिशवीत दोन्ही हात घालून, न बघता, नवीन मॅगझिन (कॅमेऱ्यावर बसणारा फिल्मचा डबा) भरायचं. रोल महाग, त्यामुळं लायटिंग पुरं झाल्याशिवाय कुणी कॅमेऱ्याची मोटार सुरू करत नसे. नटाच्या गालापाशी उजेड मोजायचं मीटर धरून कॅमेरामन एक दिवा वीतभर मागं घ्यायला सांगायचा आणि आम्हाला वाटायचं, एवढ्यानं काय होतंय! पण दिव्याचं अंतर दुप्पट केलं की उजेड चौथाईवर येतो. जवळच्या दिव्याला म्हणूनच वीतभरसुद्धा खूप.

२०१० साली अ‍ॅरी कंपनीचा अलेक्सा हा डिजिटल कॅमेरा आला आणि पुढच्या काही वर्षांत फिल्मचे कॅमेरे कपाटात गेले. लाखोंचं सामान धूळ खात पडलेलं मी रोज पाहत होतो. त्याच गोडाऊनमधून जुने बेबी आणि सोलर नावाचे मोठ्या बल्बचे दिवे (सोलर नुसतं नाव, उन्हावरचे नव्हेत) मात्र रोज सकाळी टेम्पोत चढत होते. गावी परत येऊन धंदा टाकायचा ठरलं तेव्हा कर्ज कशासाठी काढायचं, हा प्रश्न तिथंच सुटला होता.

आमची पहिली ट्रॉली कोल्हापूरच्या उद्यमनगरात, कारखान्यांच्या वस्तीत झाली. बाहेरून आणायची तर परवडत नव्हती. लेथवाल्या मिस्त्रींना कागदावर चित्र काढून दिलं. त्यांनी चष्मा वर करून एवढंच विचारलं, "सांध्यावरनं चाक गेलेलं कळाय नको, असंच न्हवं?" असंच होतं. रुळाचा जोड केसभर जरी वरखाली असला तरी दूरचं जवळ आणणाऱ्या लांब लेन्सवर तो धक्का पडद्यावर दिसतो. मिस्त्रींनी जोडात खुंटी बसवली. ते रूळ अजून वापरात आहेत. शिवाय कोल्हापूरला हे नवीन नाही. १९१८ च्या सुमारास मूकपट काढायच्या ध्यासानं बाबूराव पेंटरांनी विष्णुपंत दामल्यांना हाताशी धरून अख्खा कॅमेराच इथं घडवला होता. आम्ही तर नुसते रूळ केले.

आमचं खरं शिक्षण झालं ते गुऱ्हाळावर. गावाकडची गोष्ट म्हटली की दिग्दर्शकाला गुऱ्हाळ हवंच असतं आणि कॅमेरामनला तिथं घाम फुटतो. रस उकळायच्या काहिलीवर वाफेचे लोट. त्यांच्यावर समोरून दिवा टाकला तर पांढरी भिंत उभी राहते, गूळ करणाऱ्या गुळव्याचा चेहरा गायब. दिवा पाठीमागून, जरा वरून द्यायचा. मग वाफेला कड येते, माणूस वेगळा सुटतो. दुसरी अडचण चुलवाणाची. उजेडाचा रंग केल्व्हिनमध्ये मोजतात. कॅमेरा दिवसाच्या ५६०० केल्व्हिनला ठेवला तर जाळ घालणारा जळव्या शेंदूर फासल्यासारखा दिसतो. ३२०० ला आणला की कातडी माणसाची वाटते, आग आगच राहते आणि शेडच्या उघड्या बाजूनं येणारी पहाट आपसूक निळी होते. त्या निळाईसाठी वेगळा दिवा लावायची गरज नसते, पण पहाट अर्धा तासच टिकते. बाकी सगळं लावून, तालीम करून, तिची वाट बघत बसावं लागतं. एसी गाडीतून काढलेली लेन्स वाफेत नेली की काचेवर दव धरतं, म्हणून कॅमेऱ्याची पेटी आधीच शेडमध्ये नेऊन उघडून ठेवायची. मुंबईच्या कॅमेरामनला हे आमचा लाइटमन सांगतो, आणि तो ऐकतो.

कुस्तीच्या तालमीतला त्रास निराळा. आपली वीज ५० हर्ट्झची, म्हणजे जुनी ट्यूब सेकंदाला १०० वेळा उजळते-मंदावते. सेकंदाला २४ फ्रेम असताना शटर (एका फ्रेमवर उजेड किती वेळ पडू द्यायचा, ते अंशांत ठरवतात) १८० अंशांवर ठेवलं तर चित्र धडधडू शकतं, १७२.८ केलं की जमतं. कुस्ती स्लो मोशनमध्ये हवी असेल तर आम्ही ट्यूब सरळ बंद करतो आणि आमचे दिवे वर आढ्याला बांधतो. आखाड्यात पाय ठेवण्याआधी चपला बाहेर, हे युनिटला सांगणंही आमच्याच कामात येतं.

कोरोनामुळं २०२० च्या मार्चमध्ये शूटिंग थांबलं, जूनमध्ये नियम घालून परवानगी आली. २०२१ च्या एप्रिलमध्ये राज्यात पुन्हा बंदी आली आणि मराठी मालिकांची युनिटं गोव्याला गेली. आमचा टेम्पोही आजरा-आंबोलीमार्गे खाली उतरला आणि मे महिन्यात तिथंही बंद झाल्यावर तसाच वर आला. पुराचं म्हणाल तर २०१९ नंतर सगळं सामान वरच्या मजल्यावर. स्टँड उचलून पोरांची कंबर मोडते, पण २०२१ च्या जुलैत तेच कामी आलं.

पैशाचं थोडक्यात सांगतो. मालिकांच्या धंद्यात बिलाचे पैसे नव्वद दिवसांनी यायचा रिवाज आहे. १८ टक्के जीएसटी मात्र पुढच्या महिन्यात भरावा लागतो, पैसे आलेले असोत वा नसोत. लाइटमनची हजेरी त्याच संध्याकाळी. म्हणून निम्मी रक्कम आगाऊ घेतल्याशिवाय टेम्पो हलत नाही. हिशेब सौ. बघतात, हा नियम त्यांचाच, आणि त्यावरून गेलेली कामं मी मोजत नाही.

पुतण्याचं म्हणणं, "काका, एक सोनीचा एफएक्स थ्री कॅमेरा तरी घेऊया, लग्नाची कामं मिळतील." लग्नाच्या कामाला माझी ना नाही. पण तुळशीच्या लग्नानंतर मुहूर्त सुरू होतात तेव्हाच गुऱ्हाळंही पेटलेली असतात, आणि दोन्हीकडे पाठवायला माणसं नाहीत. त्यामुळं या वर्षी कॅमेऱ्याऐवजी दोन शिकाऊ घेतलेत. त्यातली एक आयटीआयची इलेक्ट्रिशियन मुलगी आहे. जनरेटरवर कुठल्या फेजला किती भार आहे, हे ती आमच्या जुन्या माणसांपेक्षा लवकर सांगते. तिच्या आईला रात्रीच्या शिफ्टचं पटवायचं तेवढं बाकी आहे. त्या बोलणीला रविवारी सौ. जाणार आहेत.