मादामची बॅटरी आणि घरच्या ग्रुपवरचा मेसेज

‘आज रात्री साडेबारा ते साडेतीन फोन बंद करून अंगापासून लांब ठेवा. पृथ्वीजवळून घातक किरणं जाणार आहेत.’ सूर्यावर मोठा स्फोट झाल्याची बातमी आली की आमच्या खानापूरच्या घरच्या ग्रुपवर हा मेसेज येतोच. परवाही आला. दोन काकांनी हात जोडले, मावशीनं तो पुढं ढकलला, आणि आईनं खरंच फोन बंद करून देवघराच्या फडताळात ठेवला. सकाळी चालू करायचा राहून गेला. तिच्या चहाच्या वेळेला माझा रोज फोन असतो. त्या दिवशी तिकडचे दहा वाजले तरी तो लागेना. मुलखाबाहेर राहणाऱ्या माणसाच्या डोक्यात अशा वेळी काय काय येऊन जातं, ते ज्यांची मुलं बाहेर आहेत त्यांना वेगळं सांगायला नको.

त्याच संध्याकाळी शेजारच्या मादाम दारात उभ्या राहिल्या. वय सत्तरीच्या पुढं. हातात बॅटरी आणि मेणबत्त्यांचं पाकीट. बॅटरीचे सेल वेगळे काढून रबरानं बांधलेले आणि त्यांना चिकटवलेल्या पट्टीवर, ते कधी आणले तो महिना आणि साल पेननं लिहिलेलं. म्हणाल्या, “बहुतेक काही होणार नाही. पण तुमच्या घरात लहान मूल आहे, म्हणून आणून दिलं.” त्यांनीही त्याच स्फोटाची बातमी वाचली होती. आमच्या ग्रुपला भीती कळली होती, मादामना नेमका धोका माहीत होता.

मी राहतो ते साग्ने कॅनडाच्या क्वेबेक प्रांतात आहे. ॲल्युमिनियमचं गाव. यमनापूरचा कारखाना बघत वाढलेल्या बेळगावकराला त्याचं अप्रूप नाही. पाट्या कुठल्या भाषेत असाव्यात यावरून इथं काय काय होतं, तेही आपल्या लोकांना समजावून सांगावं लागत नाही. समजावून सांगावी लागते ती 13 मार्च 1989ची पहाट. पहाटे पावणेतीनच्या सुमाराला हा अख्खा प्रांत अंधारात गेला. विजेचं जाळं कोसळायला दोन मिनिटंसुद्धा लागली नाहीत. 60 लाख लोक नऊ तास विजेविना होते. इथं बहुतेक घरं विजेवर गरम होतात, म्हणजे लाइट गेली की आधी भिंती थंड पडायला लागतात आणि मग माणसं. मादाम तेव्हा तरुण होत्या, पाळण्यात मूल होतं. त्या पहाटे नवऱ्यानं आणि त्यांनी मुलाला दोघांच्या मधे घेऊन अंगावर घरातलं सगळं पांघरूण ओढलं होतं. कारण नंतर कळलं: सूर्य.

मी इथं ट्रान्सफॉर्मरच्या तेलाची तपासणी करतो, म्हणून या विषयावर माझं मन जरा जास्तच अडकतं. सूर्यावरच्या काळ्या डागांभोवतीचं चुंबकीय क्षेत्र पिळत जातं, तुटतं आणि नव्यानं जोडलं जातं. त्या क्षणी स्फोट होतो. त्याचे क्ष-किरण प्रकाशाबरोबरच, सव्वाआठ मिनिटांत, इथं पोचतात. वातावरणाचा वरचा थर ते अडवतो, आपल्या अंगापर्यंत किंवा खिशातल्या फोनपर्यंत ते येतच नाहीत. बिघडतो तो लघुलहरींवरचा रेडिओ, तोही ज्या बाजूला दिवस असतो तिथं. रात्री साडेबाराला खानापूरच्या डोक्यावर सूर्यच नसतो. मेसेज लिहिणाऱ्याला एवढंही सुचलं नाही, आणि शिकलीसवरलेली आपली माणसं तो पुढं पाठवतात!

खरं वादळ मागून येतं. स्फोटाबरोबर कधी कधी अब्जावधी टन तापलेला वायू स्वतःचं चुंबकीय क्षेत्र घेऊन बाहेर पडतो आणि एक ते तीन दिवसांत पृथ्वीजवळ पोचतो. त्या क्षेत्राची दिशा दक्षिणेकडं असेल तर ते आपल्या चुंबकीय क्षेत्राशी जुळतं आणि ध्रुवाकडच्या आकाशात प्रचंड प्रवाह वाहू लागतात. त्यानं खाली जमिनीत वीज उपजते. क्वेबेकचा खडक जुना आणि टणक, वीज सहजी वाहू न देणारा. मग तिला वाट मिळते ती तारांची. उत्तरेच्या धरणांवरून शेकडो किलोमीटर खाली येणाऱ्या 735 हजार व्होल्टच्या लाइनी म्हणजे तिला हमरस्ताच. ट्रान्सफॉर्मरचा गाभा चुंबकत्वानं भरून जातो, आत नको तिथं तापायला लागतं आणि तेलात वायू विरघळतात. आम्ही तेलाचा नमुना काढून तेच वायू मोजतो. साधं दिसणारं, थोडं पिवळसर तेल. पण आत काय तापलं होतं ते त्यातून कळतं.

1989नंतर या लोकांनी लाइनींची रचना सुधारली, जमिनीतल्या प्रवाहावर नजर ठेवली. मे 2024मध्ये 2003नंतरचं सर्वात मोठं वादळ आलं, पण जाळं टिकलं. मला याचं मनापासून कौतुक आहे. एकदा मार खाल्ला आणि घराघरांतल्या म्हातारीपर्यंत शहाणपण पोचवलं.

आता कुणी म्हणेल, गेला तिकडं आणि लागला गोऱ्यांचे गोडवे गायला. तसं नाही. पावसाळ्यात जांबोटी-कणकुंबीकडं झाड पडून दोन-दोन दिवस लाइट नसते, आणि आपली माणसं चुलीवर भाकरी भाजून, कंदील लावून दिवस काढतात. नऊ तासांच्या अंधाराचं इथं पस्तीस वर्षांनीही नाव निघतं. एवढी सहनशक्ती यांच्यात नाही, हे मी इथल्या मित्रांनाही ऐकवलंय. आणि हेही ऐकवलंय की आजवर यंत्रांनी मोजलेल्या सर्वात मोठ्या सौरवादळाची उत्तम नोंद आमच्या इलाख्यातली आहे. 1 सप्टेंबर 1859ला इंग्लंडमध्ये खगोलशास्त्रज्ञ कॅरिंग्टन यांनी सूर्यावरचा स्फोट डोळ्यांनी बघितला. सुमारे साडेसतरा तासांनी वादळ पृथ्वीवर आदळलं. युरोपातल्या कितीतरी यंत्रांच्या नोंदी कागदाबाहेर गेल्या. मुंबईत कुलाब्याच्या वेधशाळेत मात्र नोंद करणारे यंत्रापाशी बसून हातानं आकडे लिहीत राहिले. पृथ्वीचं चुंबकीय क्षेत्र तब्बल 1600 नॅनोटेस्लानं (हे ते क्षेत्र मोजायचं एकक) घसरलं होतं. मे 2024ला जगभरची सरासरी घसरण 400च्या आसपास होती. एका ठिकाणचा आकडा सरासरीशी थेट लावता येत नाही, तरी अंदाज येतो. बेळगाव तेव्हा मुंबई इलाख्यातच होतं. पुढं ट्रामची वीज आड येणार म्हणून 1904ला अलिबागला वेधशाळा उभारली, ती अजून चालू आहे.

आणि सूर्यावर नजर ठेवणारं आपलं यान, आदित्य-एल1? 2 सप्टेंबर 2023ला निघालं आणि 6 जानेवारी 2024ला 15 लाख किलोमीटरवरच्या आपल्या जागी पोचलं. वादळ आधी त्याच्यावरून जातं, मग आपल्याकडं येतं. अर्धा-पाऊण तास हातात मिळतो. त्यातली एक दुर्बीण पुण्याच्या आयुका या खगोलसंस्थेनं केली, दुसरी बेंगळुरूच्या भारतीय खगोलभौतिकी संस्थेनं. आमच्या घरातली निम्मी पोरं शिकायला पुण्याला जातात, निम्मी बेंगळुरूला. बेळगाव त्या हायवेवर मधे. दोन्ही टोकांना सूर्य बघणारी माणसं आहेत आणि मधल्या घरात फोन फडताळात. याचंच मला दुःख होतं. अडाण्यांचा देश असता तर गप्प बसलो असतो.

काका म्हणतात, “काय करूलास रे तिकडं, एवढ्या थंडीत?” काका, हेच काम गावाजवळ मिळालं असतं तर आलो नसतो. पण इथं शिकलेलं मी इथंच ठेवणार नाही, एवढा शब्द देतो.

सुरुवात चिकोडीच्या पुतण्यापासून केली. तो उसावर ड्रोननं फवारणी करतो. त्यानं विचारलं, “या वादळांचं आपल्याला काहीच नाही काय?” आहे. आपल्याकडं लाइनींना धोका फार कमी, कारण ध्रुव लांब. पण चुंबकीय विषुववृत्त तमिळनाडूच्या टोकाजवळून जातं आणि त्याच्या दोन्ही बाजूंना, वातावरणाच्या वरच्या विद्युतभारित थरात, सूर्यास्तानंतर विरळ वायूचे बुडबुडे उठतात. सूर्य जोरात असलेल्या वर्षांत, मार्च-एप्रिल आणि सप्टेंबर-ऑक्टोबरला ते जास्त. जीपीएसचा सिग्नल त्यातून येताना लुकलुकतो. मोठं वादळ हे बुडबुडे कधी वाढवतं, कधी दाबून टाकतं. फवारणी सकाळी उरक म्हणालो.

“रोजचं कुठं बघू?” त्याला दोन ठिकाणं पाठवली: अमेरिकेच्या नोआ या सरकारी हवामान संस्थेचं अंतराळ हवामान केंद्र आणि कोलकात्याच्या आयसर या विज्ञान संस्थेतलं सेसी हे अंतराळ विज्ञान केंद्र. दोन्ही इंग्रजीत. तेव्हा मोठा स्फोट झाला की चार ओळी मराठीत मी लिहून घरच्या ग्रुपवर टाकणार आहे. चिकोडीची वहिनी म्हणाली, तिच्या माहेरच्यांसाठी त्याचं कन्नड ती करून देते. पहिल्या चार ओळी काल गेल्या.