ठाणे ते वाशी: सीडीएनवर टेनंट चढवण्याचा वृत्तांत

ग्राहकाची साइट त्याच्याच डोमेनवर चालवायची, पण मागे सगळ्यांसाठी ॲमेझॉन क्लाउडफ्रंटचं (ॲमेझॉनचं सीडीएन, म्हणजे जगभरच्या सर्व्हरवरून साइट पोचवणारं जाळं) एकच मल्टी-टेनंट डिस्ट्रिब्युशन (अनेक ग्राहकांची, म्हणजे टेनंटांची, सामाईक मांडणी) ठेवायचं, असं हे काम. एप्रिल 2025 मध्ये क्लाउडफ्रंट सास मॅनेजर (अशा सामाईक मांडणीसाठीची सोय) आल्यापासून कोडचा भाग आटोपशीर झाला आहे. डीएनएस (डोमेनचं नाव सर्व्हरच्या पत्त्याशी जोडणाऱ्या नोंदी) मात्र ग्राहकाच्या हातात असतं. पॅनेलचा पासवर्ड अकाउंटंटकडे आणि ओटीपी मालकाच्या मोबाइलवर, असं असलं की समोर बसूनच काम उरकतं. म्हणून हा ठाणे-वाशी ट्रान्स-हार्बर लोकलचा फेरा.

निघण्यापूर्वी

क्लाउडफॉर्मेशनचा (ॲमेझॉनची साधनं कोडमधून उभारणाऱ्या सेवेचा) पाया आदल्या दिवशीच चढवलेला असावा: कनेक्शन मोड ‘टेनंट-ओन्ली’ ठेवलेलं डिस्ट्रिब्युशन, त्याच्या पॉलिसी आणि कनेक्शन ग्रुप. मल्टी-टेनंट डिस्ट्रिब्युशनला स्वतःचा पत्ता नसतो. ग्राहकाच्या सीनेममध्ये (एक नाव दुसऱ्या नावाकडे वळवणारी डीएनएस नोंद) जातो तो कनेक्शन ग्रुपचा राउटिंग एंडपॉइंट. ग्रुप दिला नाही तर डीफॉल्ट ग्रुप वापरला जातो. तरीही तो कोडमध्ये स्वतः लिहा, एंडपॉइंट आउटपुटमध्ये काढा आणि डिलीशन पॉलिसी ‘रिटेन’ ठेवा, म्हणजे कोडमधून काढला तरी ग्रुप राहतो. हा पत्ता बदलला तर प्रत्येक ग्राहकाच्या दारात पुन्हा जावं लागेल.

प्रत्येक टेनंटचा स्टॅक (क्लाउडफॉर्मेशनने एकत्र उभारलेली साधनं) वेगळा ठेवा. सगळे एकाच स्टॅकमध्ये कोंबले तर एकाच्या डोमेनची चूक बाकीच्यांचेही बदल रोलबॅक करते, म्हणजे मागे घेते. एचटीटीपीएसचं प्रमाणपत्र नॉर्थ व्हर्जिनिया रीजनमध्येच लागतं, त्यामुळे सगळे स्टॅक तिथेच चालवणं सोयीचं.

ओरिजिन (मूळ फाइली जिथून येतात ती जागा) पाथमध्ये टेनंटचं नाव पॅरामीटर म्हणून घातलं की एकाच डिस्ट्रिब्युशनमधून प्रत्येकाचं फोल्डर वेगळं निघतं. या पॅरामीटरला डीफॉल्ट व्हॅल्यू देऊ नका, ‘रिक्वायर्ड’ करा. डीफॉल्ट असली आणि कोणी व्हॅल्यू द्यायला विसरलं, तर एका ग्राहकाच्या डोमेनवर दुसऱ्याचा मजकूर दिसेल, आणि स्टॅक तर हिरवाच असेल. ओरिजिन एसथ्री (ॲमेझॉनची फाइल साठवण) असेल तर व्ह्यूअरचा होस्ट हेडर (ब्राउझरने मागितलेलं डोमेन) पुढे पाठवू नका, 403 (प्रवेश नाकारला) येतो.

जुना टेम्प्लेट उचलत असाल तर प्राइस क्लास, फॉरवर्डेड व्हॅल्यूज, ओएआय (एसथ्रीपर्यंत पोचण्याची जुनी परवानगी-पद्धत) आणि जुनं स्टँडर्ड लॉगिंग काढा. हे इथे चालत नाही. कॅश पॉलिसी आणि ओएसी (ओएआयची नवी आवृत्ती) वापरा.

ऐरोली

ठाण्याला ट्रान्स-हार्बरची गाडी 9-10 नंबरच्या बाजूला लागते. ऐरोलीचं काम सोपं होतं: नवं सबडोमेन, त्यावर आधीपासून कोणी येत नव्हतं. अशा वेळी टेनंटच्या मॅनेज्ड सर्टिफिकेट (क्लाउडफ्रंट स्वतः मिळवून देतो ते प्रमाणपत्र) विनंतीत टोकन होस्ट (डोमेनवरच्या मालकीची खूण कोण दाखवणार ते) ‘क्लाउडफ्रंट’ ठेवायचा, स्टॅक चालवायचा आणि मग ग्राहकाने सीनेम टाकायचा.

पॅनेलच्या होस्ट रकान्यात फक्त ‘शॉप’ लिहा. पूर्ण डोमेन लिहिलं तर बरीच पॅनेलं पुढे डोमेन पुन्हा जोडतात आणि नाव दुप्पट होतं. त्याच नावाचा जुना ए रेकॉर्ड (नावाला थेट आयपी देणारी नोंद) असेल तर आधी काढा, सीनेम दुसऱ्या रेकॉर्डसोबत राहत नाही. आणि रेकॉर्ड टाकण्याआधी ते नाव ब्राउझरमध्ये उघडून पाहू नका. ‘असं नाव नाही’ हे उत्तरही कॅश होतं आणि मग रेकॉर्ड बरोबर असूनही खुर्चीत ताटकळत बसावं लागतं. तपासायचं तर डिगने (डीएनएसला विचारण्याची कमांड) थेट त्या डोमेनच्या नेमसर्व्हरला विचारा.

रबाळे

स्टेशनवरून एमआयडीसीत रिक्षाने जाता येतं. इथे साइट चालू होती आणि ती बंद पडून चालणार नव्हती. ऐरोलीची पद्धत इथे लावायची नाही: त्यात डीएनएस आधी वळतं, प्रमाणपत्र नंतर येतं, आणि मधल्या वेळात लोकांना सुरक्षेची चेतावणी दिसते. टोकन होस्ट ‘सेल्फ-होस्टेड’ ठेवा. मॅनेज्ड सर्टिफिकेटच्या तपशिलात ‘रिडायरेक्ट फ्रॉम’ आणि ‘रिडायरेक्ट टू’ असे दोन पत्ते मिळतात. जुन्या सर्व्हरवर तेवढं एक रिडायरेक्ट लावायचं.

हमखास अडतं ते एनजिनएक्स या वेब सर्व्हरमध्ये. सर्व्हर ब्लॉकमध्ये थेट लिहिलेला ‘रिटर्न 301’ (कायमचं रिडायरेक्ट) लोकेशन निवडण्याआधीच चालतो, त्यामुळे टोकनच्या मार्गासाठी लिहिलेलं लोकेशन कधी गाठलंच जात नाही. तो रिटर्न ‘लोकेशन स्लॅश’च्या आत हलवा. दुसरी अडचण सीएए रेकॉर्डची (डोमेनला प्रमाणपत्र कोण देऊ शकतं हे सांगणारी नोंद): त्यात फक्त लेट्स एन्क्रिप्ट या प्रमाणपत्र देणाऱ्या संस्थेचं नाव असेल तर ॲमेझॉन प्रमाणपत्र देत नाही, ‘ॲमेझॉन डॉट कॉम’ची ओळ वाढवा. हे सगळं 72 तासांत झालं पाहिजे, नाहीतर विनंती बाद होते.

सर्व्हरला हात लावायची परवानगीच नसेल तर एसीएममध्ये (ॲमेझॉनची प्रमाणपत्र सेवा) डीएनएस पडताळणीने प्रमाणपत्र घेऊन ते टेनंटला जोडा. आमच्या मते चालू साइटसाठी हाच जास्त निर्धास्त रस्ता आहे. प्रमाणपत्र टेनंटला जोडलं गेलंय आणि डोमेन ‘ॲक्टिव्ह’ आहे हे बघितल्याशिवाय डीएनएस वळवू नका. कर्ल कमांडच्या रिझॉल्व्ह पर्यायाने एजचा (क्लाउडफ्रंटच्या जवळच्या सर्व्हरचा) आयपी देऊन आधीच साइट उघडून बघता येते. उत्तराच्या हेडरमध्ये पॉपचं (एजच्या ठिकाणाचं) नाव ‘बीओएम’ने सुरू झालं तर मुंबईच्या एजवरून येतंय. जुन्या रेकॉर्डचा टीटीएल (तो किती वेळ कॅश राहतो ते) आदल्या दिवशी 300 सेकंदांवर आणायला सांगा.

वाशी

पनवेल गाडी वाशीला जात नाही. चुकून बसलात तर तुर्भ्याला उतरून वाशी गाडी पकडा. एपीएमसीजवळच्या या ग्राहकाला डब्ल्यूडब्ल्यूडब्ल्यू नसलेलं, नुसतं डोमेन हवं होतं. मूळ डोमेनवर सीनेम टाकता येत नाही. रजिस्ट्रारचं फॉरवर्डिंग बऱ्याचदा फक्त एचटीटीपीवर चालतं, एचटीटीपीएसने आलेला माणूस अडकतो. एनीकास्ट स्थिर आयपी (न बदलणारे पत्ते) हा उपाय आहे, पण एका ग्राहकासाठी खर्च झेपत नाही. म्हणून झोन (डोमेनच्या सगळ्या डीएनएस नोंदी) राउट 53 या ॲमेझॉनच्या डीएनएस सेवेवर नेऊन अलायस (मूळ डोमेनवरही चालणारी सीनेमसारखी नोंद) लावला.

यात जपायचं ते ईमेल. व्यापाऱ्याच्या ऑर्डरी मेलवर येतात, एमएक्स (मेल कुठे पोचवायचा ते सांगणारा रेकॉर्ड) उतरवायचा राहून गेला तर दिवसाचा धंदा बुडतो. नेमसर्व्हर बदलण्याआधी एमएक्स, तसंच मेल खरा असल्याची खात्री देणारे एसपीएफ आणि डीकेआयएम, यांचे सगळे रेकॉर्ड नव्या झोनमध्ये उतरवून दोन्हीकडची उत्तरं डिगने ताडून पाहा. जुना झोन लगेच पुसू नका. नेमसर्व्हरची जुनी नोंद काही ठिकाणी दोन दिवसांपर्यंत राहते.

टेनंट पुढे कधी काढायचा झाला तर आधी तो डिसेबल करावा लागतो, मगच डिलीट होतो. बदल थेट एपीआयने करत असाल तर ताजा ईटॅग (सध्याच्या आवृत्तीची खूण) सोबत द्या.